कूलरची खिडकी

दाराला काहीच झालं नव्हतं.
तुमसरच्या लग्नाहून परतले,
जाळीचं दार, लॅच, वरचं कुलूप, सगळं जागच्या जागी.
किल्लीसुद्धा नेहमीसारखी एकदा अडून फिरली.

तो कूलरच्या खिडकीतून आला.
स्टँडसकट कूलर हातभर सरकवला,
जसा मी दर मार्चात सरकवते खस बदलायला,
आणि तेवढ्या फटीतून आत.
"पोट्टंच असंन जी," ठवकर म्हणाले,
"मोठा माणूस कुठून शिरते तिथून."

फरशीवर खसच्या काड्या.
फ्रिजमधली बाटली ओट्यावर, रिकामी,
झाकण घट्ट लावून ठेवलेली.
ते झाकण पाहून मला रडू आलं.
कपाट पाहून नाही.

हवालदार लिहून घेत होते.
पोत, कानातले, शलाकाची चांदीची वाटी, नऊ हजार रोख.
"पोत केवढी?"
"सत्त्याऐंशीची."
"साल नाही बाई, वजन सांगा."

पलंगावर मात्र त्याने दुकान मांडलेलं,
नको ते सगळं ओळीत:
बेन्टेक्सच्या बांगड्या, मोत्यांचा तन्मणी,
यांचं बंद पडलेलं घड्याळ,
आणि सासूबाईंची पाटली.
मी म्हटलं, वाचली बाई एवढी तरी.
हवालदारांनी पेनचं टोपण लावलं.
"ते उगाच काही सोडून जात नाहीत," म्हणाले.

मग सल्ले.
शलाका पुण्याहून: आई, कॅमेरा.
ठवकरकाकू: बाहेर पुरुषाच्या चपला ठेवा, चांगल्या मोठ्या.
नऊ नंबरच्या आणल्या. यांचा पाय आठचा होता.
गावाला जाताना पेपर बंद करा,
हॉलमधला दिवा चालू ठेवा,
वॉचमनला सांगून जा,
पण कधी येणार ते सांगू नका.
इर्शाद वेल्डरने कूलरभोवती जाळी ठोकली,
खाली कुणाच्या तरी स्कूटीच्या सीटवर ठिणग्या उडाल्या, भांडण झालं.
"अब चूहा भी नहीं आयेगा, आंटी."

चौदा साड्या धुतल्या.
त्याचा हात लागला नव्हता त्याही.

रात्री खिडकी बंद, कूलर बंद.
उशी उलटते, ती बाजूही तापलेली.
लिफ्ट थांबते. गच्चीवरची टाकी भरते.
प्रत्येक आवाजाला हात फुटलेले.
कपाट उघडंच ठेवते हल्ली,
बंद केलं की वाटतं, आत कोणी आहे.

पंधराव्या दिवशी पाटली घेऊन इतवारीत गेले.
सराफाने कसोटीवर घासली, परत घासली,
आणि माझ्यासाठी चहा सांगितला.
तेव्हाच कळलं.
"तांब्यावर पाणी आहे वहिनी. जुनं काम, पण हात चांगला."

तीस वर्षं मी ती मऊ फडक्यात ठेवली.
"जप, वेळेला कामी येईल," म्हणाल्या होत्या.
खरी कोणत्या वेळेला कामी आली, सासूबाई?
मिल बंद पडली तेव्हा?
नणंदेच्या बाळंतपणात?
यांच्या फीला?
याच गल्लीत आला असाल भर दुपारी,
कुणाला न सांगता,
हुबेहूब दुसरी घडवून घ्यायला.
घासाघीस केली असेल तांब्यासाठीसुद्धा.

त्या पोट्ट्याला अंधारात, घाईत,
नुसतं उचलून कळलं.

काल चव्वेचाळीस होतं.
रात्री खिडकी उघडली, दोन बादल्या पाणी ओतलं.
खस भिजल्याचा वास आला,
घरात परत कोणी राहायला आल्यासारखा.
पाटली हातात घालून झोपले.
चारला जाग आली.
उठून लॅच बघितला.
एकदाच.

नाही, दोनदा.